चेटकिणींचा शोध आणि एका चित्रपटाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ उभे राहते. आणि देवळांच्या जीर्णोद्धाराचा आपला अनुभव काही फारसा उत्साहवर्धक नाही. काळ्या पाषाणावरची नाजूक कोरीव कामे तैलरंगाच्या थराखाली बुजवून टाकावयाची, वर निळ्यापिवळ्या रेघा ओढावयाच्या आणि खर्च देणाऱ्याच्या नावाची फरशी दाराशी बसवावयाची, याला आपण जीर्णोद्धार म्हणत आलो. आज आम्ही ज्या जीर्णोद्धाराविषयी बोलणार आहोत तो देवळाचा नाही. तो एका इंग्रजी चित्रपटाचा आहे. आणि चित्रपटही असा की जो पाहून पुष्कळ सज्जनांनी नाक मुरडले, कित्येकांनी मध्येच डोळे मिटले. तथापि त्याची कहाणी इतिहासाच्या अभ्यासकाने ऐकण्यासारखी आहे असे आम्हांस वाटते. इतिहासात जी भानगड कागदपत्रांची होते तीच येथे चित्रफितीची झाली.

चित्रपटाचे नाव ‘विचफाइंडर जनरल’, म्हणजे चेटकिणी हुडकणारा सरदार. तो १९६८ साली इंग्लंडात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मायकेल रीव्हज. १९६७ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सफोक परगण्यात चित्रीकरण चालू असताना त्याला चोविसावे वर्ष पुरे झाले. १९६९ च्या फेब्रुवारीत, पंचविसाव्या वर्षी, झोपेच्या औषधांची मात्रा जास्त झाल्याने तो वारला. त्यामुळे पुढे या चित्रपटाचे जे जे काही झाले, त्याबद्दल ‘मला असे नको होते’ असे सांगावयास कर्ता हयात नव्हता. संशोधकाला हे संकट नवे नाही.

आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला तो १९९० च्या सुमारास, अमेरिकेत एका नातलगाच्या घरी मुक्कामाला असताना. रात्रीची जेवणे झाली होती, बाहेर बर्फ पडत होते, आणि यजमानांच्या मुलाने दुकानातून भाड्याने आणलेली कॅसेट लावली. कॅसेटवर नाव होते ‘द कॉन्करर वर्म’. मूळ चित्रपटाशी एडगर ॲलन पो याचा काडीचा संबंध नाही. पण अमेरिकेतील वितरकांना पो याच्या नावावर चालणाऱ्या भयपटांची मालिका पुढे रेटावयाची होती, म्हणून त्यांनी त्याच्या एका कवितेचे नाव या चित्रपटाला चिकटविले आणि त्या कवितेच्या ओळी खलनायकाचे काम करणाऱ्या नटाकडून म्हणवून घेतल्या. त्या रात्री आम्हांस हा चित्रपट थोडा कर्कश, थोडा बाष्कळ वाटला. हिंसा पुष्कळ आणि खाली एकसारखे यांत्रिक वाद्याचे घूंघूं. आम्ही मनाशी निकाल लावून टाकला आणि झोपी गेलो. तो निकाल चुकीचा होता. कारण आम्ही पाहिला तो हा चित्रपट नव्हताच. ते कसे, हे सांगण्यापूर्वी ज्या इतिहासावर तो उभा आहे त्याकडे वळले पाहिजे.

सतराव्या शतकाच्या पाचव्या दशकात इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले होते. न्यायाधीशांच्या फेऱ्या विस्कळित झालेल्या, तरुण फौजेत गेलेले, धान्य महाग, गुरे मरत आहेत, आणि गावोगाव एक दुसऱ्याकडे संशयाने पाहतो आहे. अशा वेळी पूर्व इंग्लंडात, एसेक्समधील मॅनिंगट्री या गावी मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा एक तरुण पुढे सरसावला. १६४५ च्या मार्च महिन्यात एलिझाबेथ क्लार्क या एका पायाच्या वृद्ध बाईवर चेटकाचा आरोप आला. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे आरोपीचा शारीरिक छळ करून जबानी घेता येत नसे. पण कायद्याला झोप मोडण्याची कल्पना कोठे होती? म्हातारीला रात्रीमागून रात्र जागे ठेवले, डोळा लागू दिला नाही, आणि अखेर तिने आपल्याजवळचे सैतानी प्राणी नावानिशी सांगितले: एक पांढरे मांजराचे पिल्लू, एक लठ्ठ कुत्रा, बैलाच्या डोक्याचा एक शिकारी कुत्रा, एक काळा ससा. १६४७ साली हॉपकिन्सने छापलेल्या चोपड्याच्या मुखपृष्ठावर ही सारी वरात चित्रात उभी आहे. पांगळ्या बाईचा झोपेवाचून झालेला भ्रम छापखान्यातून पुरावा होऊन बाहेर पडला!

यापुढची दोन वर्षे हॉपकिन्स आणि त्याचा जोडीदार जॉन स्टर्न हे गावोगाव हिंडले. गावे त्यांना बोलावीत आणि पैसे मोजीत. स्टोमार्केट गावाने तेवीस पौंड दिल्याची नोंद सांगतात, ऑल्डबरोने सहा; आणि शेतमजुराची रोजची मजुरी तेव्हा सहा पेन्सांच्या आसपास होती. किती माणसे फासावर गेली याचे अंदाज निरनिराळे आहेत, पण आकडा शंभरावर जातो याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. ब्रँडस्टन गावचा धर्मोपदेशक जॉन लोज हा त्यांतलाच. ऐंशीच्या घरातला, भांडखोर, गावाला नकोसा झालेला म्हातारा. त्याला रात्रभर खोलीत येरझारा घालावयास लावले, फ्रॅमलिंगहॅमच्या किल्ल्याच्या खंदकात बुडतो की तरंगतो ते पाहिले, आणि शेवटी त्याने कबूल केले की आपण सैतानाकरवी हार्विच बंदराजवळ एक गलबत बुडविले. असे गलबत खरोखरी बुडाले होते काय, हे कोणी जाऊन पाहिल्याचे दिसत नाही. १६४५ च्या ऑगस्टमध्ये बेरी सेंट एडमंड्स येथे त्याला फाशी दिले. चेटक्यासाठी धर्मोपदेशक मिळावयाचा नाही म्हणून आपल्या अंत्यविधीचे मंत्र त्याने स्वतःच म्हटले.

हे परके म्हणून आपण ऐकत असू तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. २०१३ साली महाराष्ट्राने नरबळी आणि अमानुष अघोरी प्रथांविरुद्ध जो कायदा केला त्याच्या अनुसूचीत, अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवितो, असे सांगून त्याच्याविषयी संशय पसरविणे हाही गुन्हा म्हणून घातला आहे. गाय आटली म्हणून शेजारणीकडे बोट दाखविण्याची रीत सफोकमध्ये होती आणि सातपुड्यातील ‘डाकीण’ ठरविलेल्या बायांनाही ती ठाऊक आहे. असो.

आता चित्रपटाकडे. रीव्हजने आधार घेतला तो रोनाल्ड बॅसेट यांच्या १९६६ च्या कादंबरीचा. त्यामुळे इतिहासाच्या दृष्टीने पाहू लागलो तर चुका हव्या तितक्या सापडतात. इंग्लंडात चेटकिणींना फाशी देत, जाळीत नसत. १६४५ साली इप्सविच येथे मेरी लेकलंड या बाईला जाळले ते पतिहत्येच्या वेगळ्या गुन्ह्यासाठी. चित्रपटात मात्र लॅव्हनमच्या चौकात एका बाईला शिडीला बांधून ज्वाळांत सोडतात. स्टर्न हा प्रत्यक्षात जमीनदार, कर्मठ, आपल्या कामावर श्रद्धा असलेला गृहस्थ. १६४८ साली त्याने आपल्या कृत्यांच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले. चित्रपटात तो दारुडा आडदांड खाटीक आहे. हॉपकिन्सचे काम केले व्हिन्सेंट प्राइस या छप्पन्न वर्षांच्या अमेरिकन नटाने. दिग्दर्शकाला हवा होता डोनाल्ड प्लेझन्स. पण पैसा लावणाऱ्या अमेरिकन कंपनीला प्राइसच हवा होता. खरा हॉपकिन्स त्या काळी पंचविशीच्या आगेमागे होता, असे अभ्यासक मानतात. म्हणजे वयाने तो नटाला जवळचा नव्हता, दिग्दर्शकाला होता! रीव्हजला ही गोष्ट खटकली होती किंवा कसे, कोण जाणे.

आमच्या मते याहून मोठी चूक दुसरीच आहे. चित्रपटातला हॉपकिन्स द्रव्यलोभी आणि स्त्रीलंपट खलपुरुष आहे. तो नाहीसा झाला की पीडा टळेल असे प्रेक्षकाला वाटते. वास्तविक मॅनिंगट्रीची पीडा एका खलपुरुषाची नव्हती. साक्ष देणारे शिंपी होते, आया होत्या, शेजारी होते. त्यांतील बहुतेकांना आपण देवाचे काम करीत आहोत असे वाटत होते. परंतु न्यायाने बोलावयाचे तर रीव्हजच्या कॅमेऱ्याने हे अजिबात पाहिले नाही असे नाही. बाई जळून गेल्यावर त्याच राखेत गावची पोरे बटाटे भाजीत बसली आहेत, असे एक दृश्य त्याने घेतले आहे. त्या पोरांना कोणी खलपुरुष म्हणणार नाही.

शेवटही असाच इतिहासाला सोडून आहे. खरा हॉपकिन्स १६४७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गावी, बहुधा क्षयाने, अंथरुणावर मेला. लोकांना हा शेवट फार अपुरा वाटला असला पाहिजे. कारण त्याच शतकात अशी वदंता उठली की त्यालाही चेटक्या ठरवून पाण्यात टाकले आणि तो तरंगला. चित्रपटाने या जुन्या सूडेच्छेला वाट करून दिली. ज्याच्या वधूची विटंबना झाली तो तरुण शिपाई किल्ल्याच्या तळघरात कुऱ्हाड घेऊन हॉपकिन्सवर घाव घालीत सुटतो. एवढ्यात त्याचा सोबती येतो, ते दृश्य त्याला पाहवत नाही, आणि तो दयेने हॉपकिन्सला गोळी घालतो. तेव्हा नायक आनंदत नाही. आपली शिकार आपल्या हातून काढून घेतली म्हणून तो वेड्यासारखा ओरडत राहतो, आणि त्याची वधू सारा किंकाळ्या मारीत राहते. सूड पुरा झाला, आणि सूड घेणारा हॉपकिन्सच्या जातीचा होऊन बसला. हिंसा पाहून टाळी वाजविण्याची सोय येथे ठेवलेली नाही.

कात्री चालली ती नेमकी येथे. ब्रिटिश चित्रपट परिनिरीक्षण मंडळाचे सचिव जॉन ट्रेव्हेलियन हे रीव्हजचे दूरचे नातलगच होते. संहितेपासूनच मंडळाने हरकती काढल्या, त्या पाहून संहिता सौम्य केली. पुढे तयार चित्रपटातूनही तुकडे गेले. थोडे रीव्हजने स्वतः काढले, मग तो अडून बसला, आणि उरलेले त्याच्यावाचून काढले गेले. मंडळाचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण कात्रीचा एक गुण मोठा विलक्षण असतो. ती घाव ठेवते आणि घावाचे दुःख काढून टाकते. पहिला फटका दिसतो, पुढचे कण्हणे जाते. आणि जे पाहून पोटात कालवावयास हवे होते ते साहस होऊन बसते. ॲलन बेनेट या नाटककाराने ‘लिसनर’ साप्ताहिकात या चित्रपटाच्या क्रौर्यावर कडक टीका केली. तेव्हा रीव्हजने पत्र लिहून उत्तर दिले. त्याचा मथितार्थ असा, की हिंसा दाखवावयाची तर ती किळसवाणी दिसली पाहिजे. धोका आहे तो स्वच्छ, सुबक, करमणुकीच्या हिंसेचा. बेनेट यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. आजही हा चित्रपट पाहताना काही ठिकाणी दिग्दर्शकाला छळाचे दृश्य जरा अधिकच आवडते आहे अशी शंका येते. पण ज्याच्या उत्तराचा पुरावाच कापून टाकला आहे, त्याचा न्याय कसा करावा?

अमेरिकेत परिस्थिती उलटी होती. तेथे चित्रे जवळजवळ जशीच्या तशी दाखविली गेली, बदलले ते नाव. पुढे ऐंशीच्या दशकात हा चित्रपट घरगुती कॅसेटवर आणावयाचे ठरले तेव्हा एक वेगळीच अडचण निघाली. ज्या कंपनीकडे चित्रांचे हक्क आले तिच्याकडे संगीताचे हक्क नव्हते. मग पॉल फेरिस या संगीतकाराने वाद्यवृंदावर बसविलेले सर्व पार्श्वसंगीत काढून टाकून त्या जागी कळफलकाच्या यंत्रावरचे नवे संगीत भरले. हेच ते घूंघूं! फेरिसचे संगीत आम्ही ऐकले ते फार पुढे, २००७ साली अमेरिकेत निघालेल्या तबकडीवर, आणि खरे सांगतो, पाच मिनिटांत उठून बसलो. ते इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांच्या वळणाचे, हिरव्या कुरणांतून घोडा चालला असावा असे, जवळजवळ प्रेमळ संगीत आहे. जॉन कोकिलॉन या छायालेखकाने सफोकची शेते, ओढे, शरद ऋतूतले ऊन अशा मायेने टिपले आहे की या देशात काही वाईट घडेल हे पटूच नये. आणि पहिल्याच दृश्यात त्या उन्हात, टेकडीवर फासाचा खांब ठोकला जात आहे, आणि एका म्हातारीला ओरडत फरफटत वर नेत आहेत. सृष्टी सुंदर आहे आणि माणसे हे करीत आहेत. या दोहोंतील अंतर म्हणजेच हा चित्रपट. त्या अंतराचा अर्धा भार संगीताने उचलला होता. ते काढले की उरतो एक सामान्य भयपट, आणि तोच आम्ही त्या रात्री पाहिला होता. फितीचा एकही तुकडा न कापता केलेली ही कापाकापी.

म्हणजे हिशेब असा होतो. इंग्लंडातल्या माणसाने बराच काळ घरी पाहिला तो संगीत शाबूत पण अंगाने छाटलेला चित्रपट. अमेरिकेतल्या माणसाने पाहिला तो अंगाने शाबूत पण मुका करून दुसऱ्याच्या गळ्याने बोलावलेला. सबंध चित्रपट कोणाच्याच घरी नव्हता. आणि दोघांनाही वाटत होते की आपण तो पाहिला आहे! हरवलेल्या ग्रंथाची निदान हळहळ तरी वाटते. बदललेल्या ग्रंथाची तीही सोय नाही.

जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले ते या दोन अर्ध्यांना जोडण्याचे. २००१ साली इंग्लंडात एक तबकडी निघाली. तीत परिनिरीक्षकांनी काढलेले तुकडे परत आपल्या जागी बसविलेले होते. पण हे तुकडे चांगल्या मूळ प्रतीतून मिळाले नव्हते. ते झिजलेल्या, दाणेदार, रंग उतरलेल्या साधनातून घेतलेले. त्यामुळे स्वच्छ चित्र चालू असता एकाएकी पडदा मळतो, रंग फिकटतो, आणि पाहणाऱ्याला कळते की येथे कात्री चालली होती. पुष्कळांनी याबद्दल तक्रार केली. त्यांचे म्हणणे असे, की जोड दिसता कामा नये, सगळे एकसारखे करून टाकावे.

येथे आम्हांस आपल्या पुण्यातील एका मोठ्या कार्याची आठवण होते. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या पोथ्या ताडून डॉ. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ निश्चित केला. पण जेथे पाठाविषयी शंका राहिली तेथे त्यांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली, आणि जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. वाचकाला फसविले नाही. २००१ च्या तबकडीवरील तो मळका, दाणेदार भाग आम्हांस त्या नागमोडी रेघेसारखा वाटतो. डोळ्यांना तो सुखाचा नाही, पण खरे बोलतो. एखाद्या हुशार कारागिराने तो उद्या इतका गुळगुळीत केला की जोड सापडूच नये, तर चित्रपट सुंदर दिसेल; परंतु त्याच्यावर काय ओढवले होते ते मात्र पुसले जाईल. प्रसिद्ध झालेली चित्रे स्वच्छ करू नयेत असे आम्ही म्हणत नाही. धूळ, ओरखडे, कालांतराने तांबूस पडत जाणारा रंग, हे काही दिग्दर्शकाचे काम नव्हे. ते जरूर काढावे. पण धूळ वेगळी आणि जखमेचा वण वेगळा.

प्रक्षिप्ताचाही प्रश्न येथे आहे, आणि तो महाभारतापेक्षा अवघड आहे. युरोपातील काही बाजारांसाठी म्हणून गुत्त्यातील दृश्ये दोनदा चित्रित केली होती. एकदा वस्त्रे नेसलेल्या स्त्रियांची आणि एकदा विवस्त्र. ही दुसरी दृश्ये त्याच काळी, त्याच जागी, त्याच नटनट्यांवर घेतलेली. म्हणजे लेखनिकाने शंभर वर्षांनी घुसडलेल्या श्लोकांसारखी ती नव्हेत. तरी ती कथेची गरज म्हणून घेतलेली नाहीत, विक्रीची गरज म्हणून घेतलेली आहेत. ती घालावी की गाळावी? २००१ च्या तबकडीने त्या दृश्यांसह एक आणि त्यांवाचून एक, असे दोन्ही पाठ दिले. आम्हांस हाच मार्ग पसंत आहे. फक्त मुख्य पाठ कोणता हे सांगण्याची जबाबदारी संपादकाने टाळू नये. ‘सर्वांत लांब ती सर्वांत अस्सल’ हा दुकानदाराचा न्याय झाला, संशोधकाचा नव्हे.

काही विचारवंत स्नेही आम्हांस विचारतात, की इतक्या क्रूर चित्रपटाला घराघरांत नेऊन बसविण्याचा हा खटाटोप कशासाठी? चित्रपटगृहात निदान वयाची चौकशी होते. शंका रास्त आहे. मुलांच्या हाती ही तबकडी पडू नये हे आम्हांसही मान्य आहे, आणि आमच्या घरात ती वरच्या फळीवर असते. परंतु घरातील प्रेक्षकाच्या हाती एक वस्तू असते जी चित्रपटगृहात नसते: थांबविण्याची कळ. तो स्वतःचा परिनिरीक्षक होतो. नको ते तो पुढे ढकलू शकतो, आणि आपण काय पुढे ढकलले हे त्याला ठाऊक असते. १९६८ च्या प्रेक्षकाला तेवढेही ठाऊक नव्हते.

आमची त्या अमेरिकन नातलगांशी अधूनमधून पत्रापत्री, अलीकडे फोनवर बोलणे होते. तेव्हाचा तो मुलगा आता स्वतः मुलाबाळांचा बाप आहे. जुने सामान काढताना त्याला ‘द कॉन्करर वर्म’ नावाची कॅसेट एका दुकानाच्या मोडीत मिळाली. ती टाकू का, असे त्याने विचारले. आम्ही टाकू नको म्हणून कळविले. टपालाने ती आली आणि तबकडीशेजारी त्याच फळीवर ठेवली आहे. ती चालविण्याचे यंत्र आमच्याकडे आता नाही.